अगस्तीने प्यायलेला ग्रह

फेब्रुवारीच्या मध्यावर, रात्री साडेनऊच्या सुमारास, मुलुंड पूर्वेला आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभे राहिले की दक्षिणेला पाण्याच्या टाकीच्या नेमक्या माथ्यावर एक ठसठशीत पांढरा तारा दिसतो. तो अगस्ती. रात्रीच्या आकाशात व्याधाखालोखाल तेजस्वी असूनही मुंबईच्या अक्षांशावरून तो क्षितिजापासून जेमतेम 18 अंश वर चढतो, त्यामुळे दक्षिणेला एखादा टॉवर उभा राहिला की त्या इमारतीपुरता अगस्ती संपला असेच म्हणायचे. आमच्या त्या बाजूला भांडुपची मिठागरे अजून मोकळी आहेत, म्हणून आमचा टिकून आहे.

माझी भाची नववीत आहे. तिने एक लांब वही घातली असून तिच्यात विज्ञानकथांतल्या ग्रहांची नोंद असते: ग्रहाचे नाव, तो कोणत्या ताऱ्याभोवती फिरतो, कथा कोणाची आणि शेवटच्या रकान्यात शेरा. त्या रात्री ती माझ्याबरोबर गच्चीवर आली होती. मी सहज म्हटले, “हा बघ अगस्ती. इंग्रजीत ह्याला कनोपस म्हणतात. तुझ्या वहीतला अराकिस ह्याच्याभोवतीच फिरतो.” ती क्षणभर गप्प राहिली आणि मग म्हणाली, “अगं मावशी, म्हणजे तिथलं सगळं पाणी ह्यानेच प्यायलं!”

फ्रँक हर्बर्ट यांची ‘ड्यून’ ही कादंबरी पुस्तकरूपाने 1965 साली आली आणि मी ती आजवर पाच वेळा वाचली आहे. अराकिस हा तिच्यातला संपूर्ण वाळवंटी ग्रह. श्वासातला आणि घामातला ओलावासुद्धा वाया जाऊ नये म्हणून तिथली माणसे अंगभर एक खास पोशाख घालून वावरतात, आणि मेलेल्या माणसाच्या देहातले पाणी त्याच्या टोळीच्या मालकीचे समजले जाते. अशा ग्रहाचा सूर्य अगस्ती असावा, ज्याने समुद्र पिऊन टाकल्याची गोष्ट मी आजीच्या मांडीवर ऐकली होती, आणि हा सांधा मला पाच वाचनांत दिसू नये, याची मला त्या गच्चीवर खरोखर लाज वाटली. माझ्या बचावासाठी एवढेच सांगते की अराकिस हा कनोपसचा तिसरा ग्रह असल्याची नोंद पुस्तकाच्या अखेरीस जोडलेल्या शब्दसंग्रहात आहे, आणि फ्लोरा फाउंटनच्या पदपथावर मी घेतलेल्या प्रतीची शेवटची पाने गळालेली होती. पण खरे कारण ते नव्हे. कनोपस माझ्या डोक्यात इंग्रजी पुस्तकांच्या कप्प्यात होता आणि अगस्ती गोष्टींच्या कप्प्यात. दोघे एकच आहेत हे माहीत असूनही त्यांची कधी भेट झाली नव्हती.

नंतर आम्ही दोघींनी हा तर्क जितका ताणता येईल तितका ताणून पाहिला. वनपर्वातल्या कथेनुसार कालेय दानव दिवसा समुद्रात दडून बसत आणि रात्री बाहेर येऊन ऋषींना मारत. देवांच्या विनंतीवरून अगस्तीने समुद्र प्यायला, तळ उघडा पडला आणि दानव मारले गेले. पुढे देवांनी पाणी परत सोडायला सांगितले, तर अगस्तीने ते केव्हाच पचल्याचे सांगून टाकले. समुद्र तसाच कोरडा राहिला, आणि सगराच्या वंशात पिढ्यान्‌पिढ्या खटपट झाल्यावर भगीरथाने गंगा खाली आणली, तेव्हा कुठे तो भरला. आता अराकिसकडे पाहा. तिथे मिठाची पठारे आहेत, आणि जिथे मीठ आहे तिथे एके काळी उघडे पाणी असले पाहिजे हे कादंबरीतल्या पात्रांच्याही लक्षात येते. 1976 च्या पुढच्या कादंबरीत तर उलगडा होतो की हा ग्रह मुळात ओला होता. बाहेरून तिथे आलेल्या एका जिवाने सगळे मोकळे पाणी कोंडून घेतले आणि वाळवंट झाले. (रहस्य फोडल्याबद्दल क्षमस्व, पण आता पन्नास वर्षे होत आली.) त्या ग्रहावर पुन्हा पाणी खेळवण्याची योजना एक परिस्थितिकी-शास्त्रज्ञ आखतो, तिला तीनशे ते पाचशे वर्षे लागतील असा हिशेब मांडतो, आणि त्याच्यानंतर त्याचा मुलगा ते काम पुढे नेतो. याला आपल्याकडे एक तयार शब्द आहे आणि तो आपण शाळेच्या निबंधातही वापरून गुळगुळीत केला आहे: भगीरथ प्रयत्न.

हे सारे बोलत असताना भाची खाली मिठागरांकडे पाहत होती. अंधारात तिथे काहीच दिसत नव्हते, पण दिवसा लोकलच्या दारातून दिसणारे ते मिठाचे पांढरे ढीग दोघींच्याही डोळ्यांसमोर होते.

आता हर्बर्ट यांच्या मनात अगस्ती होता का? नव्हता, असेच मी म्हणेन. त्यांनी या कादंबरीसाठी अरबी शब्दभांडार मनसोक्त वापरले, आणि अरबीत याच ताऱ्याला सुहैल असे सुरेख नाव आहे. तरीही त्यांनी कनोपस हे ग्रीक परंपरेतले, मेनेलॉसच्या जहाजाच्या सुकाणूदाराचे नाव ठेवले. अगस्तीपर्यंत ते पोहोचल्याची खूण पुस्तकात कुठेही नाही. गंमत अशी की खुद्द ‘अराकिस’ हेही ताऱ्याचेच जुने नाव आहे. उत्तर ध्रुवाजवळच्या ड्रॅको तारकासमूहात म्यू ड्रॅकोनिस नावाचा एक मंद तारा आहे. त्याला अरबीवरून अराकिस किंवा अलराकिस म्हणत, म्हणजे नाचणारा. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघटनेने आता ‘अलराकिस’ हे नाव अधिकृतही केले आहे. उत्तरेकडच्या ताऱ्याचे नाव उचलून दक्षिणेकडच्या ताऱ्याच्या ग्रहाला लावायचे, हे चिंचपोकळीची पाटी काढून विरारला नेऊन लावण्यासारखे झाले, पण नाव कानाला इतके खरे वाटते की कोणी तक्रार करत नाही.

मी भाचीला म्हटले, “शेऱ्यात ‘योगायोग’ असं लिही.” तिने लिहिले, पण पुढे कंसात प्रश्नचिन्ह काढले.

खगोलशास्त्राच्या बाजूने पाहिले तर अगस्तीभोवती अराकिससारखा ग्रह असणे कठीणच आहे. हा तारा आपल्यापासून सुमारे 310 प्रकाशवर्षे दूर असून सूर्याच्या दहा हजार पटींहून अधिक तेज फेकतो. इतका उधळ्या स्वभावाचा तारा फार जगत नाही. त्याचे सारे आयुष्य काही कोटी वर्षांचे, आणि तेवढ्यात एखाद्या ग्रहावर महासागर तयार होऊन, जीव येऊन, समुद्र आटून वाळवंट होणे अवघड. शिवाय तेज दहा हजार पट म्हणजे पृथ्वीवर पडते तेवढे ऊन मिळण्यासाठी ग्रहाला ताऱ्यापासून शंभर पट दूर राहावे लागेल. शंभर पट दूर असलेल्या ग्रहाचे वर्ष सूर्याभोवती हजार वर्षांचे झाले असते; अगस्तीचे वस्तुमान सूर्याच्या आठ-दहा पट असल्यामुळे ते आटून सव्वातीनशे वर्षांच्या आसपास येते. हा हिशेब मी वहीच्या मागच्या पानावर करून दाखवला, तेव्हा भाचीने लगेच हेरले की ग्रह हिरवा करण्याची ती तीनशे ते पाचशे वर्षांची योजना म्हणजे त्या ग्रहाचे फार तर दीड वर्ष. कादंबरीत अर्थातच असे काही नाही, तिथली माणसे आपल्यासारखीच वर्षे मोजतात. पण चाहत्यांच्या तर्काची खरी चैन हीच असते: लेखकाने एका ओळीत टाकून दिलेला ताऱ्याचा पत्ता गांभीर्याने घ्यायचा आणि तो आपल्याला कुठे नेतो ते पाहायचे.

या छंदात बहुतेक लोक एकाच प्रश्नाभोवती फिरतात, तो म्हणजे लेखकाने हे नाव कुठून उचलले. त्याची उत्तरे कधी कधी छान निघतात. ‘स्टार वॉर्स’मधल्या, दोन सूर्य मावळताना दिसणाऱ्या टॅटूइन ग्रहाचे नाव ट्युनिशियाच्या दक्षिणेतल्या तातावीन या गावावरून आले, आणि त्या गावाच्या बर्बर नावाचा अर्थ आहे झरे. म्हणजे चित्रपटांतल्या सर्वांत प्रसिद्ध वाळवंटी ग्रहाच्या नावात पाणी आहे. (2011 साली दोन ताऱ्यांभोवती फिरणारा केपलर-16 बी हा ग्रह जाहीर झाला तेव्हा त्याला लगेच टॅटूइन हे टोपणनाव पडले, पण तो शनीएवढा मोठा असल्यामुळे तिथे वाळूत उभे राहून सूर्यास्त पाहण्याची सोय नाही.) सुपरमॅनचा जन्मग्रह क्रिप्टन, त्याचे नाव 1898 साली सापडलेल्या वायूचे, मूळ ग्रीक अर्थ ‘दडलेला’. 2012 साली खगोलशास्त्रज्ञ नील डग्रास टायसन यांनी एका कॉमिकसाठी क्रिप्टनला खरा पत्ता मिळवून दिला: 27 प्रकाशवर्षांवरचा एलएचएस 2520 हा लाल खुजा तारा. तो निवडण्याचे एक कारण असे की तो कॉर्व्हस म्हणजे कावळा या तारकासमूहात आहे, आणि सुपरमॅनच्या शाळेच्या संघाचे नाव कावळ्यांवरून आहे. अमेरिकन वाचकाचे तेवढ्यावर समाधान झाले. पण कॉर्व्हस म्हणजे आपले हस्त नक्षत्र. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरणाऱ्या भोंडल्याच्या मुलींना कोणी सांगितलेले नाही की त्या क्रिप्टनच्या नक्षत्रात नाचत आहेत.

मला मात्र गेली काही वर्षे दुसरा प्रश्न अधिक खुणावतो. लेखकाने नाव कुठून आणले हे बाजूला ठेवून, कथेच्या आत हे नाव कोणी ठेवले असेल? कोणी, कुठे उभे राहून, काय पाहून? ग्रह आपले नाव स्वतः सांगत नाही. ते एक तर तिथे राहणाऱ्याने ठेवलेले असते किंवा दुर्बिणीतून बघणाऱ्याने किंवा तिथे उतरून थंडीने कुडकुडणाऱ्याने, आणि या तिघांची नावे एकसारखी असू शकत नाहीत.

उर्सुला ले ग्विन यांनी 1969 च्या कादंबरीत हे फार नेमके हाताळले आहे. त्यांच्या हिमयुगातल्या ग्रहाचे नाव तिथल्या लोकांच्या भाषेत गेथेन आहे. बाहेरून आलेले लोक मात्र त्याला ‘हिवाळा’ या अर्थाच्या शब्दाने ओळखतात. जो जन्मापासून बर्फात राहतो त्याला बर्फ हे नाव ठेवण्याजोगे वेगळेपण वाटणार नाही. ते वाटते पाहुण्याला. याउलट पुष्कळ लोकप्रिय कथांत ग्रहाचे रहिवासीही आपल्या ग्रहाला बाहेरच्यांनी दिलेल्या नावानेच हाक मारतात आणि ते मला खटकते. ‘स्टार वॉर्स’मधल्याच, संपूर्ण ग्रहभर एकच शहर पसरलेल्या कोरुस्कंटचे नाव टिमथी झान यांच्या 1991 च्या कादंबरीतून आले. तो लॅटिनमधून इंग्रजीत आलेला ‘लखलखणारा’ अशा अर्थाचा शब्द आहे. पण ज्या आकाशगंगेत पृथ्वीच नाही तिथे लॅटिन कोण बोलत होते? शिवाय ते लखलखणे आकाशातून दिसते. खालच्या मजल्यांवर, जिथे ऊन पोहोचत नाही, तिथे राहणारा माणूस आपल्या गावाला लखलखाट म्हणेल का? धारावीतून वरळीकडे पाहणारा माणूस याचे उत्तर अधिक चांगले देईल.

राहणाऱ्यांनी ठेवलेली नावे कशी असतात हे पाहण्यासाठी फार दूर जायला नको, आपल्याच ग्रहाची यादी पुरेशी आहे. विज्ञानकथांच्या चर्चेत एक आवडता तर्क असा असतो की परग्रहावरचे सगळे लोक आपल्या ग्रहाला आपापल्या भाषेत ‘माती’ असेच म्हणत असणार. इंग्रजीपुरते ते ठीक आहे. आपल्याकडे पाहा: पृथ्वी म्हणजे विस्तीर्ण, आणि पुराणाच्या हिशेबाने पृथू राजाची, म्हणजे एका माणसाच्या नावाने ओळखला जाणारा ग्रह. मेदिनी म्हणजे मधू-कैटभ या दैत्यांच्या मेदापासून झालेली; हे नाव कुठल्याही भयकथेतल्या ग्रहाला शोभेल. वसुंधरा म्हणजे धन पोटात बाळगणारी, हे खाणकाम करणाऱ्या वसाहतीने ठेवल्यासारखे वाटते. आणि अमरकोशातल्या पृथ्वीच्या नावांत अगदी सुरुवातीलाच येणारे माझे सर्वांत लाडके नाव: अचला, न हलणारी. ते शास्त्राच्या दृष्टीने साफ चूक आहे, आणि म्हणूनच ते इतके खरे आहे. ते ठेवणारा माणूस त्या ग्रहावर उभा होता, हे त्या एका नावावरून सिद्ध होते. बाहेरून पाहणाऱ्याला हा ग्रह अचल कधीच दिसला नसता. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांनी आपल्या ग्रहांना अशी एखादी चुकीची नावे द्यायला हवीत, असे मला फार वाटते.

दुर्बिणीतून बघणाऱ्यांची पद्धत निराळी. ताऱ्याच्या नावापुढे लहान लिपीतले इंग्रजी अक्षर, पहिल्या ग्रहाला बी, पुढच्याला सी, आणि हा क्रम अंतराचा नसून शोधाचा. ए कोणाला मिळत नाही, कारण तो ताऱ्याचा मानला जातो. कथांमध्ये मात्र अजूनही ‘अमुक तारा पाच’, ‘तमुक तारा सात’ असा ताऱ्यापासून मोजत जाणारा रोमन आकडा चालतो, आणि कट्टर चाहते त्यावर नाक मुरडतात. मला ते चालते. ज्याने आकडा दिला तो तिथे जाऊन, सगळे ग्रह मोजून आला, एवढे त्यातून कळते. अक्षर देणारा अजून दुरूनच चाचपडतो आहे. चेंबूरच्या टिळकनगरात ज्यांचे बालपण गेले त्यांना हे समजावून सांगावे लागणार नाही. तिथे आधी इमारतींना क्रमांक आले, माणसे राहायला आली, सोसायट्या झाल्या, कमानीवर देवाचे नाव रंगवले गेले, तरी जुने रहिवासी पत्ता सांगताना नंबरच सांगतात. ग्रहांवरच्या वसाहतींचेही असेच होणार. ‘नवी पृथ्वी’, ‘नवे अमुक’ ही नावे कागदावर राहतील, कारण नवी मुंबईत राहणारा माणूस स्वतःला वाशीचा किंवा नेरुळचा म्हणवतो, ‘नवी’ फक्त पत्रावर लिहितो.

नाव कोणी ठेवले या प्रश्नाने सर्वांत जास्त भांडणे माझ्या आणि माझ्या घाटकोपरच्या मित्राच्या मैत्रीत झाली आहेत, आणि ती सगळी एकाच ग्रहावरून: व्हल्कन. हे नाव मुळात खगोलशास्त्राचे आहे. अर्बां ल व्हेरिए यांनी गणिताने नेपच्यूनची जागा सांगितली आणि 1846 साली तो तिथे सापडला. त्याच आत्मविश्वासाने त्यांनी 1859 साली बुधाच्या कक्षेतली विसंगती समजावण्यासाठी बुधाच्याही आत एक ग्रह असल्याचे मांडले, आणि सूर्याच्या भट्टीशेजारी राहणारा म्हणून त्याला रोमन अग्निदेवतेचे, लोहारकामाच्या देवाचे नाव मिळाले. नाव तयार, कक्षा तयार, पाहिल्याचे दावेसुद्धा तयार. फक्त ग्रह नव्हता. शतकाला 43 विकलांच्या त्या फरकाचा उलगडा 1915 च्या नोव्हेंबरात आइन्स्टाइनच्या सिद्धांताने झाला आणि व्हल्कन बेघर झाला. 1966 साली दूरचित्रवाणीवर ‘स्टार ट्रेक’ मालिकेत परग्रहवासी स्पॉक अवतरला तेव्हा ते रिकामे पडलेले नाव त्याच्या ग्रहाला मिळाले.

मित्राचे म्हणणे असे की तर्कनिष्ठ, भावना ताब्यात ठेवणाऱ्या लोकांच्या ग्रहाला तर्काने सिद्ध झालेल्या पण अस्तित्वात नसलेल्या ग्रहाचे नाव देणे ही निर्मात्यांची जाणूनबुजून केलेली थट्टा आहे. माझे म्हणणे असे की त्यांना फक्त तापलेल्या ग्रहासाठी जळजळीत नाव हवे होते, आणि कथेच्या आत ते कोणीतरी पृथ्वीवासीयानेच ठेवले असणार, कारण स्पॉकच्या पूर्वजांना रोमन लोहार ठाऊक असण्याचे कारण नाही. पत्त्यावरूनही आमचे असेच. नदीच्या नावाच्या एरिडॅनस तारकासमूहात दोन तारे या ग्रहासाठी उमेदवार होते: 10.5 प्रकाशवर्षांवरचा एप्सिलॉन एरिडॅनी आणि साधारण 16 प्रकाशवर्षांवरचा 40 एरिडॅनी. 1991 च्या जुलैत एका खगोलशास्त्रीय मासिकात मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी आणि तीन खगोलशास्त्रज्ञ यांचे संयुक्त पत्र छापून आले. त्यात युक्तिवाद असा होता की पहिला तारा जेमतेम एक अब्ज वर्षांचा, बुद्धिमान जीव घडायला अपुरा, आणि दुसरा चार अब्ज वर्षांचा, म्हणून व्हल्कनचा सूर्य दुसरा. वादाचा निकाल ताऱ्यांच्या वयावर लागावा हे मला त्या वेळी इतके आवडले की मी मित्राला चहा पाजला. 2018 साली त्याच ताऱ्याभोवती 42 दिवसांत फेरी मारणारा ग्रह सापडल्याची बातमी आली तेव्हा चहा त्याने पाजला. 2024 साली नव्या निरीक्षणांवरून दिसले की तो ग्रह नसून ताऱ्याच्या पृष्ठभागावरच्या हालचालींचा भास असावा. म्हणजे व्हल्कन दुसऱ्यांदा सापडला आणि दुसऱ्यांदा हरवला. मित्राने मला रात्री अकरा वाजता फोन केला आणि काही न बोलता फक्त हसत राहिला. त्या वेळी मात्र थट्टेचा त्याचा तर्क मला पटायला लागला.

मधल्या काळात 2013 साली प्लूटोच्या दोन नव्या चंद्रांसाठी लोकांकडून मते मागवली होती. साडेचार लाखांच्या आसपास मतांपैकी 1 लाख 74 हजार मते एकट्या व्हल्कनला पडली, तरी ते नाव नाकारले गेले आणि चंद्रांना कर्बेरॉस आणि स्टिक्स म्हटले गेले. प्लूटोच्या घरात पाताळातलीच नावे चालतात, अग्निदेवाचे तिथे काय काम? कित्येक चाहते रुसले. मला निर्णय योग्य वाटला, कारण त्या नावाने आधीच एकदा फसवले होते.

उलट दिशेचा प्रवास, म्हणजे कल्पनेतल्या नावाने खऱ्या जमिनीवर बसणे, आता बराच रुळला आहे. शनीच्या टायटन या चंद्रावरच्या मैदानांना आणि चक्रव्यूहासारख्या भूप्रदेशांना 2009 पासून ‘ड्यून’ मालिकेतल्या ग्रहांची नावे दिली जातात, आणि त्यांत अराकिसही आहे. मिथेनचा पाऊस पडणाऱ्या आणि मिथेनची सरोवरे असणाऱ्या चंद्रावर अराकिस, हे वाचून भाची म्हणाली की भगीरथाला शेवटी पाणी मिळाले, पण भलतेच. प्लूटोच्या कॅरन या चंद्रावर 2018 साली जी नावे मान्य झाली त्यांत एका विवराचे नाव नेमो आहे, आणि हा कॅप्टन नेमो दुसऱ्या कादंबरीत बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो हे भा. रा. भागवतांच्या अनुवादांवर वाढलेल्या आमच्या पिढीला सांगायला नको. दुसऱ्या एका विवराचे नाव आहे रेवती. बापाबरोबर ब्रह्मलोकी जाऊन थोडा वेळ गाणे ऐकत थांबलेली, आणि परत येईपर्यंत पृथ्वीवर युगे उलटलेली पाहणारी ही बलरामाची बायको. तिची नोंद तिथे कालप्रवासाच्या फार जुन्या कथेची नायिका म्हणून आहे.

आणि 2019 साली एक तारा आणि त्याचा ग्रह भारताच्या वाट्याला आला. एचडी 86081 या ताऱ्याला बिभा हे नाव मिळाले, बिभा चौधुरी यांच्या स्मरणार्थ. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन करणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. मराठीत आपण विभा म्हटले असते. ब आणि व यांच्यातला बंगाली-मराठी करार आता आकाशातही लागू झाला आहे. ग्रहाचे नाव सुचवले ते पुण्यातल्या एका शाळकरी मुलाने: संतमस. त्याचा अर्थ ढगाळलेला असा सांगितला गेला, पण अमरकोश अधिक नेमका आहे, तिथे संतमस म्हणजे सगळीकडून पसरलेला अंधार. हा ग्रह आपल्या ताऱ्याला इतका चिकटून आहे की दोन दिवसांत फेरी पुरी करतो, आणि त्याच्या एका अंगाला डोळे दिपवणारा उजेड असला पाहिजे. तिथे कोणी राहत असते तर त्याने हे नाव ठेवले नसते. ते ठेवले खाली, सिंहगडाच्या आसपास कुठेतरी, ढगाळ आकाशाकडे पाहणाऱ्या मुलाने, असे मी माझ्यापुरते ठरवून टाकले आहे.

भाचीच्या वहीत आता पाचवा रकाना आहे: नाव कोणी ठेवले. बहुतेक ओळींसमोर तो रिकामा आहे. त्या रात्री तो आखून होत होता तेवढ्यात आमचे वॉचमन काका पंप बंद करायला वर आले. टाकीत डोकावून झाल्यावर त्यांनी आम्ही कुठे पाहतो आहोत ते पाहिले आणि म्हणाले, “तो टाकीवरचा ना? आता लवकर येतो. दिवाळीच्या सुमाराला पहाटे साडेतीन-चारला येतो टाकीवर, मग दर महिन्याला दोन तास आधी. उन्हाळ्यात दिसतच नाही.”

भाचीने त्यांच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिले, कारण महिन्याला दोन तासांचा हा हिशेब मी तिला नुकताच आकडेमोड करून सांगितला होता. मग तिने टॉर्च तोंडात धरून वही उघडली, अराकिसच्या ओळीत ताऱ्याच्या रकान्यात कनोपसखाली अगस्ती आणि अगस्तीखाली ‘टाकीवरचा’ असे लिहिले, आणि काकांना त्यांचे पूर्ण नाव विचारले.